आकडा

मशीनवर आकडा एकशे अठ्ठेचाळीस.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिंबाजीराव,
नाडीला ताळतंत्र राहिलं नाही.
मी म्हणालो, बाई, बत्तीस वर्षं वायरमन होतो
सेलूच्या सबस्टेशनला.
विजेच्या भाषेत सांगा.

त्यांनी कागदावर काढलं.
हे वरचं डावं दालन.
फुफ्फुसाकडून चार शिरा इथं येऊन मिळतात,
त्यांच्या तोंडाशी कुणीतरी चोरटा करंट सोडायलंय.
म्हणजे आकडे, मी म्हणालो.
त्या हसल्या. हो, आकडेच.

आकडे मला माहीत.
दिवस मावळला की ढेंगळी पिंपळगावच्या फिडरवर
बांबूच्या टोकाला तार वाकवून चढायचे,
चिंचेला वटवाघळं लटकावीत तसे.
मग डीपी गरम. मग फ्यूज. मग अंधारात माझी सायकल.
मी काढायचो, शिव्या खायचो,
दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच.
तार तोडून भागत नाही बाई,
जागाच मारावी लागते.

कशी मारणार? जाळून?
जाळूनही करतात, ठिपका ठिपका.
आपण गोठवू.
जांघेतून एक नळी वर,
आतल्या पडद्याला बारीक भोक पाडून पलीकडं,
टोकाशी फुगा, आवळ्याहून थोडा मोठा,
शिरेच्या तोंडावर बुचासारखा बसवायचा
आणि त्यात थंडी सोडायची.
उणे पन्नास.

बाहेर त्रेचाळीस होतं.
संभाजीनगर, मे महिना,
पार्किंगच्या पत्र्याखाली सुभद्रा
ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेली.
तिनं विचारलं, फुगा आतच राहतो का?
नाही, काढून घेतात.
मग इतके पैसे कामून?

अर्धवट गुंगी.
डावी वरची, कुणी तरी म्हणालं.
रंग सोडून पाहिलं, गळती नाही.
सेकंद मोजायला लागले
आणि माझं कपाळ ठणकलं,
आठवडी बाजारातला लाल गोळा
घाईनं खाल्ल्यावर ठणकायचं तसं.
शिरेतली धडपड विरळ झाली, म्हणाल्या.
थांबली.
लाइन क्लिअर.
हा शब्द मी आयुष्यभर दुसऱ्याला दिला,
खांबावर कुणी चढलेलं असताना,
खाली उभं राहून.

दुसरी गेली. तिसरी गेली.
चौथी, उजवी वरची.
तिच्या अंगाला लागून श्वासाच्या पडद्याची नस जाते,
म्हणून एक पोरगा माझ्या पोटावर हात ठेवून उभा.
नस चाळवायची, पोट उचकीसारखं उडायचं,
हाताला धक्का.
धक्का.
धक्का.
मग नुसता थरकाप.
थांबवा! बाई ओरडल्या.
फुगा तिथल्या तिथं मिटला.

संध्याकाळी खुर्ची ओढून बसल्या.
तीन पक्क्या. चौथी अर्धीच गोठली.
श्वास घालवून ठोका कमवायचा नसतो.
वाईट वाटून घेऊ नका.

वाईट नाही वाटलं.
मला हलीमाबी आठवली.
नाल्याकडच्या खांबावर तिचा आकडा,
एकच बल्ब, चाळीसचा,
त्याखाली पोरगा गुडघ्यावर वही घेऊन.
अकरा वर्षं मी त्या खांबाकडं मान वर केली नाही.
साहेबांनी विचारलं तर म्हणायचो,
तिकडं चिखल लई.
(पोरगा काही डॉक्टर-बिक्टर झाला नाही.
जिंतूर रोडला पंक्चर काढतो. बरं चाललंय.)

आता रात्री बोट नाडीवर ठेवून पडतो.
बहात्तर. सत्तर. एकाहत्तर.
मधेच एखादा ठोका
वेळेआधी येतो, दार वाजवून जातो.
सुभद्रा अंधारात विचारते,
परत व्हायलंय का?
झोप, म्हणतो मी.
तिकडं चिखल लई.